शाईची गळती : एका जुन्या दुखण्याचा इतिहास

लिहितांना शाईनें सहज वाहावें आणि लिहिणें थांबतांच तिनें जागच्या जागीं थबकावें, अशी दुहेरी अपेक्षा माणूस तिच्यापाशीं बाळगीत आला आहे. पैकीं वाहण्याचा गुण तिच्या अंगीं उपजतच आहे. थबकण्याचा गुण मात्र तिला दुसऱ्याकडून उसना मिळावा लागतो. लेखनसाधनांच्या इतिहासाचा मोठा भाग म्हणजे हा उसना संयम शाईला कसकसा मिळत गेला याचाच इतिहास होय, असें आम्हांस वाटतें. आज एखाद्या कचेरींतील इंकजेट प्रिंटर शाई गाळूं लागला, कीं ‘यंत्र बिघडलें, नवें आणा’ असा निकाल तत्काळ दिला जातो. तो निकाल देण्यापूर्वीं या इतिहासाकडे एकवार दृष्टि टाकणें उपयोगाचें होईल.

बोरू आणि टाक यांच्या काळीं हा प्रश्न साधा होता, कारण तेव्हांची लेखणी शाईचा सांठा करीत नसे. बोरूच्या चिरेंत केशाकर्षणानें जेवढी शाई चढे तेवढीच त्याची शिदोरी; चार शब्द झाले कीं पुन्हां दौत. खरी अडचण उद्भवली ती लेखणीच्या पोटांतच शाई भरून ठेवण्याची हांव माणसाला सुटली तेव्हां. बंद नळींतून शाई बाहेर यावयाची तर तिच्या जागीं हवा आंत गेली पाहिजे. हवा मिळाली नाहीं तर लेखणी कोरडी पडते. एकदम फार मिळाली तर शाईचा लोट कागदावर येतो. अमेरिकेंतील लुइस वॉटरमन या विमा-एजंटानें १८८४ सालीं ज्या फाउंटन पेनाचें पेटंट घेतलें, त्याचें मर्म एवढेंच होतें कीं, निबेखालच्या पट्टींत बारीक खांचा पाडून शाईची उतरती वाट आणि हवेची चढती वाट यांचा त्यानें मेळ घातला. करारपत्रावर डाग पडून गिऱ्हाईक हातचें गेलें व त्या रागांतून हें पेन जन्मलें, ही कथा लोकप्रिय असली तरी अभ्यासक तिला आख्यायिकाच मानतात. पेनें पुढेंही गळतच राहिलीं. खिशांतील अर्ध्या रिकाम्या पेनांतली हवा अंगाच्या उबेनें फुगे आणि शाईला बाहेर ढकली. सदऱ्याच्या खिशावर तो निळा डाग ज्या घरांत कधींच उमटला नाहीं, असें सुशिक्षित घर विरळाच.

याच सुमारास शाईच्या इतिहासाला एक निराळी वाट फुटली होती. लेखणी कागदाला न टेकवितां शाईच कागदावर उडवितां येईल काय, हा प्रश्न कोणा साहित्यिकाला नव्हे, तर तारायंत्रवाल्यांना पडला. समुद्रतळाच्या लांब तारेंतून येणारा विद्युत्प्रवाह इतका क्षीण असे, कीं त्याच्या बळावर लेखणी कागदावर घासणें अशक्य होतें. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनीं १८६७ सालीं त्यावर युक्ति काढली. केसासारख्या बारीक कांचेच्या वक्रनळीचें एक टोंक दौतींत आणि दुसरें कागदाच्या निकट, पण त्याला स्पर्श न करणारें. शाईला विद्युद्भार दिला कीं तिचे सूक्ष्म कण आपण होऊन कागदाकडे झेपावत. मुंबईचा विलायतेशीं एडन-सुवेझमार्गें समुद्री तारेनें संबंध जुळला तो १८७० सालीं. अशा लांब तारांवर हें यंत्र पुढें अनेक दशकें संदेश टिपीत होतें. आजच्या प्रिंटरचा पूर्वज शोधावयाचा तर तो येथें सांपडतो.

बारीक धार आपोआप थेंबांत कां तुटते, याचें गणित लॉर्ड रॅले यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस मांडलें. स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट यांनीं हृदयाच्या स्पंदनांचा आलेख शाईच्या धारेनें काढणाऱ्या यंत्राचें पेटंट १९५१ सालीं मिळविलें. मानवी शरीरांत बसविलेला पहिला पेसमेकर १९५८ सालीं तयार करणारे तेच. पुढें १९७७ सालीं जपानांत कॅनन कंपनीच्या इचिरो एन्डो यांच्या प्रयोगशाळेंत शाईनें भरलेल्या पिचकारीच्या सुईला डाग देण्याची तापलेली सळई चुकून लागली आणि सुईंतून शाई उडाली. उष्णतेनें बुडबुडा उठतो व तो शाईचा थेंब बाहेर फेंकतो, हें तत्त्व अशा रीतीनें हातीं आलें. अमेरिकेंत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे जॉन व्हॉट हेही स्वतंत्रपणें त्याच तत्त्वाशीं पोंचले, आणि १९८४ सालीं त्या कंपनीचा ‘थिंकजेट’ बाजारांत आला. त्याच्या हेडला अवघीं १२ छिद्रें होतीं. आज तीं शेंकड्यांनीं असतात.

थेंब उडविण्याची ही कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु थेंब न उडवितांना शाईला धरून कोण ठेवतें, हें क्वचितच कोणी विचारतो. हेडचीं छिद्रें खालीं तोंड करून उघडीं असतात, आणि तरीही शाई पडत नाहीं. याचें कारण असें कीं, कार्ट्रिजमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षां किंचित् कमी राखलेला असतो. हा फरक पाण्याच्या कांहीं सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढाच. पुष्कळ कार्ट्रिजांत हें काम एक साधा स्पंज करतो. बोरूच्या चिरेंतलें केशाकर्षण त्याच्या छिद्राछिद्रांत बसून शाईला मागें ओढीत असतें. वॉटरमनच्या खांचा आणि हा स्पंज हे एकाच कुळांतले होत.

एवढें ध्यानांत घेतलें, कीं गळतीचीं बहुतेक कारणें उलगडतात. कार्ट्रिज वाजवीपेक्षां अधिक भरली, कीं स्पंजाची ओढ संपते. तिला तडा गेला अथवा तिचें सील सैल झालें, कीं भलत्या वाटेनें हवा शिरून दाबाचा तोल ढळतो. अशी कार्ट्रिज बदलणें हाच उपाय. बाहेरून टाक्या जोडलेल्या यंत्रांत कोणी सोयीसाठीं त्या टाक्या प्रिंटरच्या डोक्यावर ठेवतो. मग केल्व्हिनची वक्रनळी नको तेथें काम करूं लागते, आणि रात्रभर शाई हेडमधून ठिबकत राहते. तेथें टाक्या खालीं, यंत्राच्या पातळीवर उतरवून ठेवणें हीच दुरुस्ती. तिसरें कारण तर वस्तुतः गळती नव्हेच. हेड साफ करतांना यंत्र थोडी शाई दर वेळीं मुद्दाम सांडतें आणि ती तळाशीं बसविलेल्या पॅडमध्यें मुरते. वर्षानुवर्षांनीं तें पॅड तुडुंब भरलें, कीं शाई टेबलावर येते. पुष्कळ यंत्रें या सांडलेल्या शाईचा हिशेब ठेवतात आणि मर्यादा भरली कीं छापण्याचेंच नाकारतात. पॅड बदलून तो हिशेब शून्यावर आणला, कीं तेंच यंत्र पुन्हां मुकाट्यानें कामाला लागतें. मात्र कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वीं यंत्र त्याच्या स्वतःच्या बटनानें बंद करावें, म्हणजे हेड आपल्या झांकणावर जाऊन बसतें; वीज त्यानंतर तोडावी. शाई पुसावयास धागे न सुटणारें फडकें व ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें, आणि यंत्र कलतें करूं नये.

हीं कामें अवघड नाहींत. तरीही अशीं यंत्रें दरसाल अडगळींत जातात, आणि तेथून भंगारांत. शाळेच्या किंवा लहानशा संस्थेच्या तुटपुंज्या खर्चपत्रकांत नव्या यंत्राची किंमत कांहीं थोडी नसते. परंतु पैशाहून मोठी हानि आमच्या मतें दृष्टीची आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला पेन गळलें तर तें उघडून, कोमट पाण्यानें धुऊन, निब नीट बसवून पुन्हां लिहितें करतां येत असे. कारण आंत काय आहे हें ती पिढी जाणत होती. यंत्राच्या पोटांत काय चाललें आहे हें न विचारण्याची संवय एकदां जडली, कीं दुरुस्त होण्याजोगी वस्तु आणि निकामी वस्तु यांतला भेद करणारी शक्तिच आपण गमावून बसतों, आणि ‘नवें आणा’ हा एकच निकाल आपल्यापाशीं उरतो. शाई तर आपल्या स्वभावाप्रमाणें वाहत राहणारच. तिला आवरणारें काय सुटलें, एवढेंच शोधावयाचें असतें.