टिपणीतले ढमढेरे

२०१९ च्या जुलैअखेरीस उल्हास नदीला पूर आला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि आम्हा शहाडकरांचे कल्याणपलीकडचे जग दोन दिवस बंद झाले. अशा सक्तीच्या सुट्टीत मी काय वाचतो ते सांगितले की लोक हसतात. मी प्रोग्रॅम वाचतो. चालवायला नव्हे, जुने दस्तऐवज वाचावेत तसे, कोणी कधी काय लिहिले आणि का लिहिले ते पाहायला.

त्या दिवशी समोर जीसीसी होते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत उतरवून देणारा जो प्रोग्रॅम, त्याला कंपायलर म्हणतात. जीसीसी हा त्यांतला बहुधा सर्वांत जास्त वापरला गेलेला. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये पहिल्यांदा लोकांना मोफत दिला. लिनक्स त्याच्यावर उभे राहिले. त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, म्हणूनच माझ्यासारख्या, कॉलेजात संगणक न शिकलेल्या माणसालाही.

त्यात जीसीएसई नावाची एक फाइल आहे. सुरुवातीलाच एक लांबलचक टिपण आहे. यंत्राला त्याचा काही उपयोग नाही, ते पुढे काम करायला येणाऱ्या माणसासाठी आहे. हे काम करताना काय काय वाचले, त्याची यादी. मोरेल आणि रेनव्हॉज, नूप, ब्रिग्ज, कूपर. या नावांच्या मध्ये डी. एम. ढमढेरे, आणि तेही दोनदा: एक लेख १९८८ चा, एक १९९१ चा. शिरूर तालुक्यातल्या तळेगावाला जे आडनाव चिकटले आहे तेच हे आडनाव. जगभरच्या यंत्रांत जाणाऱ्या मजकुरात ते नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून बसले होते आणि मला ते पुराच्या दिवशी दिसले.

नाव अनोळखी नव्हते. प्राध्यापक ढमढेरे पवईच्या आयआयटीचे, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना ते ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग’च्या जाड पाठ्यपुस्तकाचे लेखक म्हणून ठाऊक आहेत. माझ्याकडेही कल्याणच्या एका क्लासमधल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घेतलेली प्रत आहे. पाठ्यपुस्तकाचा लेखक म्हटला की दुसऱ्यांचे शोध नीट मांडून सांगणारा माणूस, अशी आपली समजूत असते. इथे तर तो शोध लावणाऱ्यांच्या रांगेत होता.

तेव्हापासून मी या धाग्याच्या मागे आहे. आपल्याकडे बखरीतल्या एका तारखेवरून वर्षानुवर्षे वाद होतात, आणि व्हावेतच. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत मुंबईत संगणकावर जे संशोधन झाले, विशेषतः पीएचडी आणि एमटेक करणाऱ्या मुलामुलींच्या हातून झाले, त्याला आपण इतिहास मानतच नाही. सॉफ्टवेअर म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे अमेरिका, एवढाच त्याचा इतिहास आपल्या घरांतून सांगितला जातो.

सुरुवात यंत्रांपासून करावी लागते, कारण यंत्रे फार थोडी होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक तयार झाला आणि १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये त्याचे टिफ्रॅक असे नामकरण झाले. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आज एखाद्या छायाचित्राच्या कोपऱ्यालाही ती पुरणार नाही. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकी सीडीसी ३६०० आला. पवईची आयआयटी सोव्हिएत मदतीने उभी राहिलेली, म्हणून तिथे मिन्स्क-२ हे सोव्हिएत यंत्र आले. एकाच शहरात, एका लोकलच्या अंतरावर, शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंची यंत्रे, आणि एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालण्याची सोय नाही.

माझा तर्क असा, की मुंबईतले संशोधन कंपायलरकडे वळले ते या टंचाईमुळे. जिथे यंत्राचा एकेक मिनिट मोजून मिळतो, तिथे ‘हा प्रोग्रॅम अधिक कमी आज्ञांत कसा बसेल’ हा प्रश्न पोटापाण्याचा होतो. शिवाय अशा संशोधनाला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल आणि गणिताची तयारी पुरते.

१९७९ च्या मे महिन्यात ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या अमेरिकी नियतकालिकात ढमढेरे यांचा दोन पानांचा लेख आला. विषय गुणाकाराच्या जागी बेरीज कशी आणावी. हे समजायला शाळेतला पाढा पुरतो. चार एके चार, चार दुणे आठ, चार त्रिक बारा. पाढा पाठ नसलेले पोर काय करते? मागच्या उत्तरात चार मिळवत जाते. त्या काळच्या यंत्राला गुणाकार महाग आणि बेरीज स्वस्त, म्हणून एकच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागातले गुणाकार ओळखून तिथे बेरीज घालायची. अवघड भाग एवढाच, की हे सुरक्षित कुठे आहे ते कंपायलरने स्वतः ठरवायचे. माणूस सांगायला नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच नियतकालिकात मोरेल आणि रेनव्हॉज या दोन फ्रेंच संशोधकांचा लेख आला होता, आणि पुढची पंधरा वर्षे या क्षेत्रात त्याच्याच भोवती घुटमळण्यात गेली. त्यांचा प्रश्न साधा दिसतो. समजा भाजी आणायला दोन रस्त्यांनी जाता येते आणि दोन्ही रस्ते घरापाशी एकत्र येतात. पहिल्या रस्त्यावर दुकानदार हिशेब करून देतो, दुसऱ्यावर देत नाही. घरी आल्यावर आपण दरवेळी हिशेब करतो. पहिल्या रस्त्याने आलो असू तर तो दुसऱ्यांदा केलेला हिशेब आहे. दुसऱ्याने आलो असू तर नाही. मग असे करावे, की दुसऱ्या रस्त्यावरही वाटेतच हिशेब उरकून घ्यावा आणि घरी तो मुळीच करू नये. कोणत्याही वाटेने आलो तरी हिशेब एकदाच.

मेख अशी, की हिशेब कुठे हलवावा हे ठरवायला मागून काय झाले आहे ते पाहावे लागते आणि पुढे काय लागणार आहे तेही. मोरेल-रेनव्हॉज यांची समीकरणे म्हणून दोन्ही दिशांनी वाहतात. ती सुटतात, पण सुटायला किती फेऱ्या लागतील ते सांगता येत नव्हते. आणि काही ठिकाणी हिशेब ठेवायला योग्य जागाच मिळत नसे, कारण योग्य जागा चौकात नसून दोन चौकांना जोडणाऱ्या वाटेवर असते. ढमढेरे यांनी वाटेवरही हिशेब ठेवावा असे सुचवले. टिपणातले दोन लेख याच घराण्यातले.

विद्यार्थी इथून पुढे दिसू लागतो. उदय खेडकर पवईला ढमढेरे यांच्याकडे पीएचडी करत होते. दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या समीकरणांना किती फेऱ्या लागतात, हा वर अडकलेला प्रश्न त्यांनी घेतला. एका दिशेच्या समीकरणांसाठी उत्तर सत्तरीच्या दशकातच मिळाले होते. ते प्रोग्रॅमच्या आलेखाच्या ‘खोली’वर अवलंबून असते. दोन दिशांना ते माप लागू पडत नाही. खेडकर-ढमढेरे यांनी ‘रुंदी’ असे नवे माप काढले आणि फेऱ्यांची मर्यादा त्यावरून बांधून दाखवली. हे काम १९९३ च्या पीओपीएल परिषदेत मांडले गेले, आणि १९९४ मध्ये ‘टोप्लास’ या त्या विषयातल्या अग्रगण्य नियतकालिकात चाळीस पानांचा सविस्तर लेख आला. मी तो लेख तीनदा वाचला. पहिल्यांदा नवव्या पानावर थांबलो, दुसऱ्यांदा एकविसाव्या. तिसऱ्यांदा, भाचीने आलेख फळ्यावर काढून दाखवल्यावर, शेवटपर्यंत पोचलो.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९९२ मध्येच नूप, र्‍यूथिंग आणि श्टेफेन या जर्मन संशोधकांनी तोच भाजीचा हिशेब एकेका दिशेच्या अनेक समीकरणांत फोडून दाखवला. ‘आळशी’ पद्धत असे तिचे नाव पडले, कारण हिशेब शक्य तितका उशिरा करायचा. ती सोपी होती, आणि पुढे कंपायलर लिहिणाऱ्यांनी तीच उचलली. म्हणजे मुंबईत ज्या डोंगरावर वाट पाडण्याचे काम चालले होते, त्याला वळसा घालणारा रस्ता जर्मनीत सापडला. मग हे काम वाया गेले का? माझ्या मते नाही. दुहेरी प्रवाहांचे सिद्धांत फक्त त्या एका प्रश्नापुरते नव्हते. दोन्ही दिशांनी माहिती वाहणारे दुसरे प्रश्नही आहेत. पण ज्यांना पीएचडीचा इतिहास विजयांची यादी म्हणून सांगायचा आहे, त्यांनी हा प्रसंग गाळू नये. संशोधन असेच चालते, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा विद्यार्थी आपल्या वयाच्या पंचविशीतल्या वर्षांनी देतो.

खेडकर पुढे पवईलाच प्राध्यापक झाले. त्यांनी जीसीसीच्या आतल्या रचनेवर कार्यशाळा घेतल्या. ज्या मजकुराच्या टिपणात गुरूचे नाव होते तोच मजकूर त्यांनी दुसऱ्यांना वाचायला शिकवला. २००९ मध्ये अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांचे डेटा फ्लो विश्लेषणावरचे पुस्तक निघाले. वर्षभर आधी, २००८ मध्ये, खेडकर-करकरे यांचा एक लेख आला होता. एकमेकांना हाका मारणाऱ्या अनेक उपप्रोग्रॅमांचे विश्लेषण करण्याची एक जुनी पद्धत लोकांनी ‘फार खर्चिक’ म्हणून टाकून दिली होती. ती पद्धत कुठे थांबवावी हे नीट ठरवले तर ती परवडते, असे त्यात दाखवले होते. टाकलेली वस्तू उचलून पाहण्याचा हा गुण मला फार भावतो.

पवईतला दुसरा एक धागा माझ्या स्वतःच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे. नव्वदीत मी एका कारखान्याच्या भांडारात होतो. मालाचा दर बदलला की नवा दर जुन्याच्या जागी भरायचा, असा प्रोग्रॅम होता. एकदा हिशेब तपासनिसाने मागच्या दिवाळीचा दर विचारला. तो कुठेच नव्हता. शेवटी कापडी बांधणीच्या जुन्या वहीत सापडला. ती वही रद्दीत जायची राहिली होती, एवढेच आमचे नशीब. माहितीच्या कोठारांना फक्त आज कळतो, काल कळत नाही, ही अडचण पवईच्या एन. एल. सारडा यांनी आधीच हाती घेतली होती. १९९० मध्ये त्यांचा लेख आला: एसक्यूएल या प्रश्न विचारण्याच्या भाषेत कालखंडाची भर कशी घालावी, म्हणजे ‘दर काय आहे’ याबरोबर ‘अमुक तारखेला काय होता’ हेही विचारता येईल. एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा सोयी २०११ मध्ये आल्या. त्या थेट सारडांच्या भाषेतून आल्या असा माझा दावा नाही, जगात पुष्कळ जण या प्रश्नावर होते. पण आमच्या भांडारातली अडचण पवईत कोणाला तरी आधीच दिसली होती, हे कळल्यावर मला वहीपेक्षा त्या लेखाचे अप्रूप अधिक वाटले.

पुन्हा त्या टिपणाकडे येतो, कारण त्यात एक बारीक गोष्ट आहे. यादीत दोन नोंदी चक्क पीएचडीच्या प्रबंधांच्या आहेत: स्टॅनफर्डचा फ्रेडरिक चाव यांचा १९८३ चा आणि राइस विद्यापीठाचा सिम्पसन यांचा १९९६ चा. अमेरिकेतल्या प्रबंधाचा तिथल्या प्रोग्रॅमरला थेट उपयोग झाला, कारण तो त्याच्या हाती पडला. मुंबईतले काम तिथे पोचले ते छापील लेखाच्या रूपात. प्रबंध ग्रंथालयात राहिला, आणि प्रबंधाबरोबर लिहिलेला प्रोग्रॅम तर बहुधा त्याहून आधी गेला. मोडीतला कागद वाळवी लागेपर्यंत टिकतो. प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालत होता ते यंत्र भंगारात गेले, की प्रोग्रॅमची टेप हातात असूनही वाचता येत नाही. या इतिहासाची साधने अशी आहेत, आणि ज्यांनी ती कामे केली त्यांतले जे आपल्यात आहेत, तेच आता त्याविषयी सांगू शकतात. त्यांच्याकडे जाऊन विचारायचे काम आत्ताच होऊ शकते. माझ्यासारख्या एकट्याचा तो आवाका नाही. एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने एमएच्या चार मुलांना हा विषय दिला तर होईल.

गेल्या पावसाळ्यात मी एक छोटा प्रयोग केला. भाजीच्या हिशेबासारखा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: एका फाट्यात गुणाकार आहे, दुसऱ्यात नाही, आणि दोन्ही फाटे मिळाल्यावर पुन्हा तोच गुणाकार. जीसीसीला देऊन बाहेर आलेल्या आज्ञा पाहिल्या. फाटे मिळतात तिथे गुणाकार नव्हता. तो दुसऱ्या फाट्यात गेला होता. मग ढमढेरे यांचे नाव असलेला टप्पा बंद करून पुन्हा चालवले. काहीच फरक नाही! मी चक्रावलो. दोन संध्याकाळी खर्च झाल्यावर कळले, की २००५ च्या चौथ्या आवृत्तीपासून हेच काम करणारा आणखी एक टप्पा त्याच्या आधी चालतो, आणि या जुन्या टप्प्यासाठी तो फारसे काही शिल्लक ठेवत नाही. तोही बंद केला. तेव्हा कुठे, फाटे मिळाल्याच्या खाली, तो दुसऱ्यांदा केलेला गुणाकार परत आलेला दिसला.