जत्रेतला मान

गावच्या जत्रेचा विषय निघाला की मराठी लेखणी हळवी होते. पाळणे, पिपाण्या, रेवड्या, रात्रीचा छबिना हे सारे खरेच आहे. पण इतिहासाचे साधन म्हणून आपण जत्रेकडे फारसे पाहत नाही, अशी आमची तक्रार आहे.

देशावरच्या पुष्कळ जत्रा चैत्र-वैशाखात येतात, त्यामागे देवाची मर्जी कमी आणि रब्बीचे खळे अधिक. ज्वारी-हरभरा घरात आलेला, रान उन्हात तापत पडलेले, पावसाला अवकाश. कुणब्याच्या हाती धान्य आणि सवड दोन्ही एकाच वेळी असण्याचे दिवस हेच. आसपासच्या गावांच्या तिथी सहसा वेगवेगळ्या. म्हणून तर पैलवान, मेवामिठाईवाले आणि तमाशाचे फड एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ शकतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन सुपारी देऊन जातात. २०२० आणि २०२१ साली महासाथीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा कितीजणांची चूल या तिथींवर पेटते ते शहरातल्यांनाही कळले.

मात्र जत्रेचा खरा कणा म्हणजे मान. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नैवेद्य आधी कोणाच्या घरचा, मशाल कोणी धरायची, हलगी कोणी वाजवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. गावातल्या वतनांची ही न लिहिलेली नोंदवहीच म्हणा ना. परंतु या एकाच शब्दात दोन अगदी भिन्न गोष्टी कोंबलेल्या होत्या. पाटलाचा मान म्हणजे अग्रहक्क. महार-मांगांचा 'मान' म्हणजे राबणूक, आणि तीही देवळाची पायरी चढण्यास मज्जाव असताना. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते या राबणुकीच्या मुळावरच बोट ठेवणारे होते. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतील बौद्ध कुटुंबांनी जत्रेतली ही कामे खाली ठेवली. पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, १९६२च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली. आता गंमत पाहा: पाटीलकी दप्तरातून गेली, पण पालखीचा पहिला खांदा बहुतेक ठिकाणी जिथल्या तिथे राहिला. लाभाचा मान टिकला आणि ओझ्याचा मान टाकला गेला. 'गावकी मोडली' असे जे म्हटले जाते, ते बहुधा या दुसऱ्या मानाबद्दल. आम्हांस तो हळहळीचा सूर पटत नाही.

मानाइतकेच बोलके प्रकरण वर्गणीचे. घाटावरची आणि कोकणातली माणसे गिरण्यांत कामाला लागली, तसे लालबाग-परळात गावोगावच्या मंडळांचे गाळे झाले आणि जत्रेचा बराच पैसा तेथून येऊ लागला. १९८२च्या संपाने गिरणगाव खचले, तरी 'मुंबईकर' हा जत्रेतला नवा मानकरी राहिलाच. कमानीवरच्या फलकावर नाव झळकण्यासाठी त्याला वतन लागत नाही.

याच दिवसांत, १४ एप्रिलला, आंबेडकर जयंती येते. एकाच गावात त्याच पंधरवड्यात दोन उत्सव, दोन वर्गण्या आणि त्या दोहोंसाठी रजा काढून आलेली दोन प्रकारची माणसे, बहुधा एकाच एसटीतून उतरलेली. जत्रेचा वृत्तान्त लिहिणारे हा दुसरा उत्सव सहसा वगळतात. वास्तविक गावाची आजची मांडणी समजून घ्यायची तर पालखीचा मार्ग पाहून भागणार नाही; जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने निघते, ती वेशीतून आणि चावडीसमोरून जाते की वस्तीतल्या वस्तीत फिरून परतते, आणि ते कोणाच्या बैठकीत ठरते, हेही पाहावे लागेल.