हरिण-शिकारीचा प्रारंभदिन, पेनसिल्व्हेनियातील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी पेनसिल्व्हेनिया राज्यात बंदुकीने हरिण मारण्याच्या हंगामाचा पहिला दिवस सणासारखा पाळला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगलतोड व अनिर्बंध शिकार यांमुळे तेथील श्वेतपुच्छ हरिण जवळजवळ नामशेष झाले होते. १८९५ मध्ये शासकीय शिकार-आयोग स्थापन झाला. १९०६ मध्ये मिशिगनमधून हरणे आणून सोडण्यात आली आणि १९०७ मध्ये शिंगे नसलेल्या हरणांच्या शिकारीस बंदी करण्यात आली. हा सण वस्तुतः या निर्बंधांचेच अपत्य होय : मुभा थोड्या दिवसांपुरती उरली, म्हणून पहिल्या दिवसाला मोल आले.

१९६३ पासून हा दिवस नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारानंतरच्या सोमवारी येई. त्या दिवशी पुष्कळ शाळा बंद असत. ओस वर्ग भरविण्यापेक्षा ते सोयीचेच होते. आदल्या दोन दिवसांत आजोबा, मुलगे व नातवंडे उत्तरेकडील अरण्यातील लाकडी झोपड्यांत जमत. सरपण फोडणे, बंदुका पुसणे, पत्ते व जुन्या शिकारींच्या गोष्टी यांत रात्र सरे आणि पहाटेच्या अंधारात प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या झाडापाशी जाऊन बसे. नेम चुकल्यास त्याच्या सदऱ्याचा मागील भाग कापून झोपडीत टांगण्याची गमतीदार चाल होती.

शिकाऱ्यांची संख्या घटू लागल्याने, नोकरदार व तरुण यांच्या सोयीसाठी आयोगाने २०१९ मध्ये प्रारंभ शनिवारी आणला. जुन्या शिकाऱ्यांना तो रुचला नाही. सणाचे जेवण आटोपताच निघावे लागल्याने मुक्कामाचे ते निवांत दिवसच हरपले. काही शाळांनी सोमवारची सुटी मात्र तशीच ठेवली.