काटेसावरीचे काटे आणि गालावरचे खड्डे

काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर सहसा कुणी हात फिरवत नाही. बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार असे काटे त्यावर दाटीने उगवलेले असतात. तरुणांच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांना उपमा शोधताना आयुर्वेदाचार्य सुश्रुताला हेच झाड आठवलं. त्याच्या ग्रंथात या पुटकुळ्यांचं नाव ‘मुखदूषिका’, म्हणजे तोंड बिघडवणाऱ्या. पुढे वाग्भटाने तीच उपमा ठेवली आणि एक बारीक भर घातली: यांच्या पोटात मेद असतो. मुरमाचं मूळ त्वचेतल्या तेलग्रंथीत आहे हे सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिलं, त्याच्या कितीतरी शतकं आधीची ही नोंद. मराठीने मात्र उपमेची भानगड ठेवली नाही. रस्त्यावर पसरतात तोही मुरूम, गालावर येतो तोही मुरूम.

दोन्ही आचार्यांनी हा विकार ‘क्षुद्ररोगां’च्या यादीत घातला. क्षुद्र खरा, पण उपचार पाहिले तर तसं वाटत नाही. वमन द्यावं, नस्य करावं, वेळ पडली तर कपाळाची शीर सोडावी! मग लेप. धने, वेखंड आणि लोध्र एकत्र वाटून लावायचा लेप जुन्या ग्रंथांतून पुन्हा पुन्हा भेटतो. यातले धने मराठी घरात मिसळणाच्या डब्याशेजारी असतात आणि वेखंड बाळगुटीच्या पुरचुंडीत. लोध्र तेवढं काष्ठौषधीच्या दुकानातून आणावं लागतं. घराघरात टिकला तो आणखी सोपा उपाय: सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ, रात्री मुरमावर ठिपका आणि सकाळी तोंड धुणं.

डागांचा विचार सुश्रुताने वेगळ्या ठिकाणी केला आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. व्रणावरचे साठ उपक्रम त्याने सांगितले. त्यांत जखम भरणं आहेच, पण खोलगट राहिलेला भाग वर आणणं, उंचावलेला खाली बसवणं, पांढरट वण काळा करणं आणि काळवंडलेला उजळ करणं हेही आहे. जखम बरी झाली की वैद्याचं काम संपलं, असं त्याने मानलं नाही. आजचे त्वचारोगतज्ज्ञही डाग आणि खड्डा यांत असाच फरक करतात. काळपट डाग हा रंगद्रव्याचा खेळ असतो, उन्हापासून जपलं तर काही महिन्यांत तो बहुधा फिकटतो. खड्डा म्हणजे सुजेने आतलं कोलॅजन खाऊन टाकलेलं असतं. ते आपोआप परत येत नाही. म्हणून मुरूम फोडू नये, आणि मोठ्या गाठी येत असतील तर वय सरण्याची वाट पाहू नये.

हे खड्डे बुजवायचे कसे? बर्लिनच्या एर्न्स्ट क्रोमायर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दंतवैद्याच्या फिरत्या यंत्राने त्वचा खरवडून पाहिली. 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅबनर कर्टिन यांनी त्यासाठी तारेचा फिरता ब्रश वापरला. त्याच काळात पाश्चात्त्य दवाखान्यांत मुरमांवर क्ष-किरणही सोडत. असे किरण घेतलेल्या रुग्णांतल्या काहींना पुढे थायरॉइडच्या कर्करोगाने गाठलं.

मोठी कलाटणी दिली ती फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी. ‘अ’ जीवनसत्त्वापासून निघणारं आम्ल मुरमावर गुण देतं, हे त्यांनी सहकाऱ्यांसह 1969 मध्ये मांडलं. ट्रेटिनॉइन ते हेच. त्याच क्लिगमन यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, आणि ती नोंद त्यांच्या नावापासून सुटत नाही.

इकडे परळमध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी 1952 साली विको ही कंपनी सुरू केली. हळदीचं मलम बाजारात आलं 1975 मध्ये. आणि लगोलग प्रश्न अबकारी खात्याच्या टेबलावर आला: हे औषध की प्रसाधन? प्रसाधन म्हटलं की कर जास्त. आपलं मलम प्रसाधन नव्हे, हे कंपनी जाहिरातीच्या गाण्यातूनच देशाला ऐकवत होती. खात्याला मात्र ते पटेना. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2004 मध्ये निकाल विकोच्या बाजूने लागला. ज्याला ग्रंथांनी क्षुद्र म्हटलं, त्याच्यावरच्या ट्यूबने इतकी वर्षं वकील पोसले.

हाच संभ्रम दुसऱ्या टोकाला महाग पडला. क्लिगमन यांनी 1975 मध्ये सहकारी विलिस यांच्यासह काळ्या डागांसाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं मिश्रण सुचवलं होतं. त्याच घाटाची तिहेरी मलमं भारतात औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना, गोरं करणारी क्रीम म्हणून खपू लागली. सुरुवातीला चेहरा उजळतो, मुरूम बसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मलम थांबवलं की पुटकुळ्या दुप्पट जोराने उसळतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आवाज उठवल्यावर 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीवरच मिळतील असा नियम केला. नियम आहे, पण ‘एक ट्यूब द्या’ म्हणून हात पुढे करणारा गिऱ्हाईक आजही रिकाम्या हाताने परतेलच असं नाही.