हप्त्यावरचा घोडा

बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर अठरा वर्षं काढलेल्या माणसाला मोटारीतलं काय कळतं? काहीही नाही. मला इंजिन नंबर, चासी नंबर आणि नजरगहाणाची नोंद एवढाच मोटारीचा भाग ओळखू येतो. बाकीची गाडी, म्हणजे चाकं, दारं वगैरे, ही माझ्या दृष्टीने तारणाभोवतीची सजावट. असं असूनही न्यू जर्सीतल्या एडिसन गावाहून आमच्या मेहुण्यांचा फोन आला : "जावईबापू, एक जुनी मस्टँग घेतोय. पासष्ट सालची. पुन्हा नवी केलेली. तुम्ही इकडे येताय तेव्हा तेवढे कागद बघून द्या."

फोन स्पीकरवर होता. सौ.ने तो बंद केला आणि मला बसवून घेतलं.

"अहो, दादा अठ्ठावन्नचा झाला. गेल्या वर्षीच छातीत दोन स्टेंट बसवलेत. जन्मभर साठवलेला पैसा साठ वर्षांच्या जुन्या गाडीत घालतोय! तुम्हाला लोकांना कर्ज नाकारायची सवय आहे. त्याला नीट कारण देऊन नाही म्हणा."

आता, नाही म्हणायला कारण लागतं आणि कारण शोधायला वाचावं लागतं. घात झाला तो इथे.

वाचकहो, या मस्टँगचा जन्म कारखान्यात झाला असं तज्ज्ञ सांगतात. माझं नम्र मत असं, की तो हप्त्यात झाला. १९५६ साली फोर्डच्या गाड्या खपेनाशा झाल्या, आणि त्यातही फिलाडेल्फिया विभाग सगळ्यांत खाली. तिथे ली आयकोका नावाचा तरुण साहाय्यक विक्री व्यवस्थापक होता. इटलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा, शिकलेला इंजिनियर, पण जीव विक्रीत. त्याने योजना काढली : १९५६ ची गाडी घ्या, २० टक्के आधी भरा आणि तीन वर्षं दरमहा ५६ डॉलर द्या. छप्पन्नची गाडी, छप्पन्नचा हप्ता! तीन महिन्यांत तो विभाग तळातून शेंड्याला गेला. वरचे साहेब रॉबर्ट मॅक्नमारा (पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले तेच) यांनी ही योजना देशभर लावली आणि तिच्यामुळे ७५ हजार गाड्या जास्त खपल्या असं कंपनीने मानलं. मार्जिन वीस टक्के, मुदत छत्तीस महिने. हे वाचून मला तर माझ्याच टेबलावरचा फॉर्म वाचल्यासारखं वाटलं. आमच्यासारखा एखादा हप्तेवालाही इतिहासात शिरतो, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

१९६० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हा आयकोका फोर्ड विभागाचा मुख्य झाला. युद्धानंतर जन्मलेली पोरं आता मोठी होणार, त्यांना बापाची गाडी नको असणार, हे त्याने हेरलं. पण मालक हेन्री फोर्ड दुसरे यांना नवी गाडी म्हटली की कापरं भरे, कारण १९५७ ते ५९ या काळात 'एडसेल' नावाच्या गाडीत कंपनीचे सुमारे पंचवीस कोटी डॉलर बुडाले होते. १९६२ साली ते कसेबसे हो म्हणाले. गाडीची अट ठरली : माणसं चार, वजन अडीच हजार पौंडांच्या आत, किंमत अडीच हजार डॉलरच्या आत. एवढ्या पैशात नवी गाडी कुठून होणार? म्हणून मॅक्नमारांच्या काळात निघालेली 'फाल्कन' ही साधीसुधी, संसारी गाडी घेतली, तिच्याच सांगाड्यावर लांब नाक आणि आखूड शेपूट बसवली. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू करतात ना, तसं. पाहुण्याला कळत नाही आणि घरच्यांना परवडतं.

गाडी बाजारात येण्याआधी कंपनीने डेट्रॉइट भागातली ५२ जोडपी बोलावली. मध्यम पगार, घरात एक गाडी आहे, दुसरीची गरज नाही, अशी. गाडी दाखवली. सगळे म्हणाले, छान आहे, पण महाग दिसते. किंमत ओळखा म्हटल्यावर बहुतेकांनी खऱ्या किंमतीपेक्षा हजार डॉलर जास्त सांगितले. घ्याल का? छे! लहान आहे, चालवायला अवघड, आमच्या काय कामाची! मग खरी किंमत सांगितली. त्याबरोबर आधीच्या तक्रारी विरून गेल्या आणि हीच गाडी आपल्याला कशी सोयीची आहे, याची कारणं त्याच तोंडांतून बाहेर पडू लागली. हा प्रकार मी रोज बघतो. व्याजाचा दर ऐकताना कपाळाला आठ्या घालणारा गृहस्थ महिन्याचा हप्ता ऐकला की विचारतो, "रंग कुठले आहेत?"

१७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेत गाडी लोकांपुढे आली. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी २२ हजार मागण्या. सिअ‍ॅटलला सिमेंटच्या ट्रकचा ड्रायव्हर दुकानातली गाडी बघत बघत ट्रकसकट काच फोडून आत गेला. पण माझा लाडका गृहस्थ टेक्ससमधल्या गारलंडचा. एकाच गाडीवर पंधरा गिऱ्हाइकांनी बोली लावली, याची बोली सगळ्यांत मोठी ठरली, आणि चेक वटेपर्यंत दुसऱ्या कुणाला विकू नये म्हणून तो रात्रभर त्या गाडीतच झोपला! आमच्या क्लिअरिंग विभागाबद्दल जनतेच्या मनात काय भावना असतात, हे मला तेव्हा कळलं.

बरं, २,३६८ मध्ये मिळायचं काय? खाणावळीतली साधी थाळी. सहा सिलिंडरचं, १०१ अश्वशक्तीचं इंजिन. मोठं आठ सिलिंडरचं हवं? वेगळे पैसे. आपोआप बदलणारे गिअर? वेगळे पैसे. लोक सरासरी हजार डॉलरच्या वाट्या वर मागवायचे. शिकागोजवळच्या एका बावीस वर्षांच्या शाळामास्तरणीने दोन दिवस आधीच, १५ एप्रिलला, दुकानाच्या मागच्या खोलीत झाकून ठेवलेली उघड्या टपाची निळी मस्टँग घेतली. वरचे अलंकार धरून जवळजवळ साडेतीन हजारांना, आईवडिलांकडून कर्ज काढून. पुढे गाडी बिघडली तेव्हा तिच्या नवऱ्याने "पुढच्या आठवड्यात बघतो" म्हणून ती गॅरेजमध्ये ढकलली. तो आठवडा २७ वर्षं चालला. मग निवृत्तीनंतर त्याने ती खरंच दुरुस्त केली. (सौ.ला हा भाग मी वाचून दाखवला नाही. आमच्याकडे एक मिक्सर तशाच आठवड्यात आहे.)

आणखी गंमत म्हणजे अनुक्रमांक एकची मस्टँग. ती विकायची नव्हती, नुसती दाखवायची होती. पण कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये एका वैमानिकाने ती बघितली, पैसे मोजले आणि नेली. कंपनीला चूक कळल्यावर विनवण्या सुरू झाल्या. हा गडी दोन वर्षं मजेत फिरला, आणि १९६६ साली दहा लाख मस्टँगचा टप्पा गाठला तेव्हा बदल्यात नवी मस्टँग घेऊनच त्याने पहिली परत केली. ती आता डेट्रॉइटजवळ डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. दोन वर्षांत दहा लाख! मग शेव्हरलेची कमॅरो आली, पाँटिअ‍ॅकची फायरबर्ड आली. घोड्याच्या नावावरून या साऱ्या जातीलाच तिकडे 'पोनी कार' म्हणजे तट्टू-गाडी म्हणू लागले.

आयकोकाला मात्र १३ जुलै १९७८ ला हेन्री फोर्डनी काढून टाकलं. तो क्रायस्लर या बुडत्या कंपनीत गेला, सरकारला जामीन ठेवून शंभर कोटी डॉलरच्या वर कर्ज उचललं आणि १९८३ साली मुदतीच्या सात वर्षं आधी फेडलं. फेड जाहीर करायला दिवस निवडला तोही १३ जुलै! मुदतीआधी सात वर्षं फेडणारा कर्जदार मी माझ्या हयातीत बघितलेला नाही. दिसला तर उठून उभा राहीन.

अशा तऱ्हेने 'नाही'ची कारणं शोधायला गेलेला मी नेवार्कच्या विमानतळावर उतरलो तो मनातून घोड्यावर बसूनच.

मेहुणे न्यायला आले होते. सत्तावीस वर्षं मुलींची शाळा, कपड्यांच्या पिशव्या आणि गणपतीचं मखर वाहिलेल्या त्यांच्या मोठ्या व्हॅनमधून जाताना एका बाजारापाशी त्यांनी वेग कमी केला. "इथे फोर्डचा कारखाना होता. २००४ ला बंद झाला, आता ही दुकानं. पासष्ट सालापासून इथे मस्टँग बनत होत्या. मी इथे आलो तेव्हा तळघरात भाड्याने राहायचो, बसच्या थांब्यावरून रोज कारखान्याचं गेट दिसायचं." पुढे ते काही बोलले नाहीत. सौ.पण बोलली नाही.

विकणारे आजोबा पंच्याहत्तरीचे. गाडी गर्द हिरवी. मेहुणे तिच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागले आणि मी कामाला लागलो. मस्टँगच्या पुढच्या काचेखाली वारा आत घ्यायची जाळी असते. तिच्याखाली पत्र्याची पन्हळ. तिथे पानं कुजतात, पत्रा गंजतो आणि पावसाचं पाणी थेट पुढे बसणाऱ्यांच्या पायांवर पडतं. ती दुरुस्त करायची तर पत्रे कापून काढावे लागतात, म्हणून लबाड लोक नुसता रंग फासतात. मी वहिनींकडून पूजेचा तांब्या मागून आणला होता. आजोबांची परवानगी घेऊन तीन तांबे पाणी जाळीत ओतलं. मेहुण्यांनी आत हात फिरवला. गालिचा कोरडा!

मग चाकाच्या नटा मोजल्या. सहा सिलिंडरच्या गाडीला चार असतात, आठवालीला पाच. पाच होत्या. मग बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचला : ५ टी ०७ टी... पाच म्हणजे १९६५. पहिला टी म्हणजे मेटचन, म्हणजेच आपला एडिसनचा कारखाना. शून्य सात म्हणजे बंद टपाची. आणि दुसरा टी? दुसरा टी म्हणजे सहा सिलिंडर! समोर तर आठ होती. अठरा वर्षांत एवढ्या मोठ्याने मी कधी "सही जुळत नाही" म्हटलं नसेल.

आजोबांनी शांतपणे फाईल पुढे केली. सगळं लिहिलेलं होतं. मूळ इंजिन गेलं, आठ सिलिंडरचं बसवलं, म्हणून मागची धुरी बदलली, चाकं बदलली, पुढे डिस्क ब्रेक लावले. मूळचे चारही ड्रम होते आणि ब्रेकच्या तेलाचा मार्गही एकच, तो फुटला की चारही चाकं मोकळी. या शेवटच्या पावतीवर सौ.ने स्वतः बोट ठेवून तारीख वाचली. अकरा वर्षांच्या पावत्या, तारीखवार लावलेल्या. मी सवयीने बेरीज केली. खर्च ३४ हजार. मागणी २८. शिवाय इंजिन मूळचं नाही म्हणून त्यातूनही काही कमी करायला ते तयार होते. एका सिनेमातली मस्टँग १९७४ साली सहा हजारांना घेतलेली २०२० साली चौतीस लाखांना गेली, हे वाचून लोक 'गुंतवणूक' म्हणून या गाड्या घेतात. त्यांनी या पावत्यांची बेरीज एकदा करावी. आजोबा म्हणाले, पत्नीबरोबर बसायचं म्हणून सुरू केलं होतं. आता एकट्याने चालवत नाही. आणि रुमालाने मडगार्डवरचं माझंच पाणी पुसू लागले.

मेहुणे माझ्याकडे बघत होते. मी सौ.कडे बघितलं. नाकारायचा अधिकार तिचा होता.

"आधी एक चक्कर मारून दाखव," ती दादाला म्हणाली.

मागची सीट ही कागदोपत्री सीट आहे. माझे गुडघे कानांशी आले. मेहुण्यांनी किल्ली फिरवली, घोडा खाकरला, आणि आम्ही त्या दुकानांवरून, म्हणजे कारखान्यावरून, एक मोठा फेरा मारला. मेहुणे हसत होते. लग्नात बूट पळवले तेव्हाही ते असे हसले नव्हते. सौ.ने हँडल फिरवून काच खाली केली, पदर सावरला, आणि बराच वेळ बाहेर बघितल्यावर मागे वळून मला विचारलं,

"अहो, तुमच्या बँकेत स्टाफला वाहनकर्जाचा हप्ता किती बसतो?"