सकाळच्या गाडीचे विद्यार्थी
(मुंबई विद्यापीठाच्या इतिहासातील एक पान)

विद्यापीठ म्हटले की आपल्या घरांतून प्रथम अलीगढचे नाव निघते. काळी शेरवानी, वसतिगृहाची लांबच लांब ओसरी, रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या मैफली हे चित्र वडीलधाऱ्यांनी आपल्याला इतक्या वेळा सांगितले आहे की, न पाहताही ते डोळ्यांसमोर उभे राहते. सर सय्यद अहमद खानांनी १८७५ मध्ये तेथे शाळा काढली, १८७७ मध्ये कॉलेज उभे केले व १९२० मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. त्यांच्यापुढे आदर्श होता केंब्रिजचा. विद्यार्थ्याने घर सोडावे, गुरुजनांच्या सहवासात राहावे, तेथेच जेवावे, खेळावे व घडावे, अशी ती कल्पना.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांची मुले अलीगढला जात नाहीत. ती सकाळी डबा घेऊन मुंब्रा, कल्याण, भिवंडी, कुर्ला, मीरा रोड येथून निघतात व संध्याकाळी घरी परततात. ज्या विद्यापीठाची पदवी त्यांना मिळते, त्याच्या आवारात त्यांतील कित्येकांचे पाऊल तीन वर्षांत एकदाही पडत नाही. हे असे का झाले, कधीपासून झाले आणि त्यात आपल्या मुलांच्या पदरी काय पडले, काय गेले, याचा थोडा विचार करावा म्हणून हा लेख.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्याच वर्षी कलकत्ता व मद्रास येथेही विद्यापीठे निघाली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने या तिघांचा पाया घातला होता, आणि त्या खलित्यापुढे नमुना होता लंडन विद्यापीठाचा. लंडनचे विद्यापीठ त्या काळी शिकवीत नसे. परीक्षा घेई व पदव्या देई. शिकविण्याचे काम निरनिराळी कॉलेजे करीत. मुंबईनेही हेच उचलले. अलीगढ आणि मुंबई यांतील फरक हा असा मुळातच आहे.

प्रारंभी तर या विद्यापीठाला स्वतःची इमारतही नव्हती. कारभार टाऊन हॉलमधून चाले. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. १३२ उमेदवार बसले, २२ उत्तीर्ण झाले! १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढे सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून पदवीदान सभागृह १८७४ मध्ये पुरे झाले, आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय व मनोरा १८७८ मध्ये. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव आहे. म्हणजे एका पारशी व एका जैन व्यापाऱ्याच्या पैशातून सरकारी विद्यापीठ उभे राहिले. दात्यांच्या या यादीत आपल्या समाजाचे नाव पुढे येते, परंतु त्याला बराच काळ जावा लागला. ते पुढे येईलच.

तर मग मुले राहात कोठे? ज्याचे घर मुंबईत, तो घरी. बाहेरगावचा मुलगा नातेवाइकाच्या खोलीत, एखाद्या ओळखीच्या बिऱ्हाडी, किंवा शिकवण्या करून मिळालेल्या पैशांवर भाड्याच्या जागेत. धोंडो केशव कर्वे कोकणातील मुरुडहून आले, शिकवण्या करीत शिकले आणि १८८४ मध्ये पदवीधर झाले. आपल्या कोकणी मुसलमान कुटुंबांतील वृद्धांना गावच्या जमातीच्या खोल्या आठवत असतील. डोंगरी, माझगाव या भागांत गावाच्या नावाने खोली असे. बोटीवर जाणारा खलाशी, गोदीतला कारकून आणि शिकायला आलेला एखादा पोरगा असे सगळे तेथे एकत्र पथारी पसरत. त्या पोराने दिव्याखाली पुस्तक उघडले की बाकीचे आवाज कमी करीत. अशा खोल्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. खरे तर तो लिहिला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन तर सर्वश्रुत आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब. वडील त्यांना लवकर झोपवीत आणि रात्री दोनला उठवीत, कारण त्या वेळीच काय ती शांतता. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये बी.ए. झाले. घर परळला, कॉलेज फोर्टात. वसतिगृहाची अट असती, तर अशा घरातील मुलाला ही दारे उघडणे अधिकच कठीण गेले असते. घरी राहून शिकता येते, ही गोष्ट श्रीमंताला किरकोळ वाटेल. गरिबाला ती निर्णायक ठरते.

आता रेल्वेकडे वळू. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, म्हणजे विद्यापीठाच्याही चार वर्षे आधी. परंतु विद्यार्थी खऱ्या अर्थाने उपनगरवासी झाला तो विजेच्या गाडीनंतर. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्ही.टी. ते कुर्ला अशी विजेची गाडी सुरू झाली. १९२८ मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत वीज पोहोचली. आणि पाहा, कॉलेजेही त्याच रुळांच्या कडेने उत्तरेकडे सरकली. जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० मध्ये इस्माईल युसूफ कॉलेज निघाले. माटुंग्याला १९३७ मध्ये रुईया व खालसा, १९४१ मध्ये पोदार. स्टेशनापासून चालत जाता येईल अशी जागा हाच जणू नियम झाला.

इस्माईल युसूफ कॉलेजाविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे. १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे उच्च शिक्षणातील मुसलमानांचे अत्यल्प प्रमाण हा स्वतंत्र विषय म्हणून आला होता. त्याआधीच १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती आणि १८८० मध्ये तिची शाळा निघाली होती. शाळा झाली, पण कॉलेज राहिले. सर महंमद युसूफ यांनी १९१४ मध्ये आठ लाख रुपये सरकारकडे दिले आणि ते कॉलेज प्रत्यक्षात आले १९३० मध्ये. सोळा वर्षे! तेथे वसतिगृहही होते, तरी गाडीने येणारेही होतेच. पुढे राज्याचे मंत्री झालेले व औरंगाबादेत मौलाना आझाद कॉलेज उभे करणारे डॉ. रफिक झकेरिया याच कॉलेजाचे. चित्रपटांतून सर्वांना ठाऊक असलेले कादर खानही येथलेच. कामाठीपुऱ्यात वाढलेला हा मुलगा येथून पदवीधर झाला आणि नंतर साबू सिद्दीकमध्ये अभियांत्रिकीचा अध्यापक झाला.

विद्यार्थी रोजचा प्रवासी असेल तर कॉलेजानेही आपले घड्याळ बदलले पाहिजे, हे प्रथम मनावर घेतले ते डॉ. आंबेडकरांनी. १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. वर्ग सकाळी भरत, म्हणजे कचेरीत कारकुनी करणारा मुलगा आधी तास करून मग नोकरीला जाऊ शकेल. मला विचाराल तर मुंबईच्या विद्यार्थिजीवनात एखाद्या भव्य इमारतीने जे केले नाही, ते या साध्या वेळापत्रकाने केले. आज सकाळी सातला भरणारी जी कॉलेजे आपण पाहतो, ती याच वाटेने चालली आहेत. नागपाड्याला १९६८ मध्ये महाराष्ट्र कॉलेज निघाले, तेव्हा मदनपुरा, भायखळा या वस्त्यांतील मुलांना कॉलेज पायी जाण्याच्या अंतरावर आले.

कॉलेज घराजवळ आले खरे, पण पुढे घरच दूर गेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक कामगार कुटुंबांना शहर सोडून लांब जावे लागले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर आपल्यातील असंख्य कुटुंबे मुंब्र्याला व इतरत्र जाऊन राहिली. कॉलेजे मात्र होती तेथेच राहिली. ज्या मुलाचा बाप चालत कॉलेजला जात होता, तो मुलगा आता पावणेसहाच्या गाडीला लटकू लागला. मीही मुंब्र्याहूनच गेलो. लोक लोकलमधल्या मैत्रीचे, चौथ्या सीटचे, गाडीत केलेल्या अभ्यासाचे मोठे कौतुक करतात. ते खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. उभ्याने, एका हाताने वरची कडी धरून अर्थशास्त्राचे पुस्तक वाचणे किती जमते, हे ज्याने केले त्याला विचारावे. जाऊन-येऊन तीन तास धरा, वर्षाचे १८० दिवस धरा. ५४० तास होतात. हे तास कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाहीत. आणि प्रवासात पडून, चिरडून जी मुले गेली किंवा कायमची जायबंदी झाली, त्यांचा हिशेब तर निराळाच.

यात आणखी एक गोष्ट बुडाली. तास संपला की मुलाचे डोळे गाडीकडे. वादविवाद मंडळ, नाटक, खेळ, ग्रंथालयात निवांत बसणे, अध्यापकांशी चार शब्द बोलणे हे सारे त्यांच्याच वाट्याला येते, ज्यांचे घर जवळ आहे. कालिन्याला विद्यानगरीत सुमारे अडीचशे एकरांचा परिसर आहे, पण तो मुख्यतः पदव्युत्तरांचा. सिंधुदुर्ग, रत्नागिरीपासून पालघरपर्यंत पसरलेल्या बाकीच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ भेटते ते प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर. म्हणूनच २०१७ मध्ये संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या नव्या पद्धतीत निकाल महिनोन्महिने रखडले, तेव्हा मुलांना विद्यापीठच नाहीसे झाल्यासारखे वाटले. जे परीक्षेपुरतेच उरले आहे, त्याची परीक्षाच अडली तर मागे काय राहते?

मुलींचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांना पदवीचा मार्ग मोकळा केला. कायद्याने दार उघडले तरी गाडीच्या दाराचे काय? केवळ स्त्रियांसाठी चर्चगेट ते बोरिवली ही पहिली संपूर्ण गाडी धावली ती ५ मे १९९२ रोजी. म्हणजे १०९ वर्षांनी! आमच्या शाळेत दहावी-बारावीला मुली मुलांच्या पुढे असतात. नंतर त्यांतील काही दिसेनाशा होतात, आणि विचारले की उत्तर येते, "सर, कॉलेज लांब आहे." फी जास्त आहे, असे क्वचितच कोणी म्हणते. अडते ते अंतरावर. पालकहो, बारावीनंतर कॉलेज निवडताना नावाबरोबर वर्ग किती वाजता भरतो व किती वाजता सुटतो हेही विचारा. त्या वेळेला आपल्या स्टेशनातून सुटणारी गाडी असते का, एकाच वस्तीतल्या तीन-चार मुली एकाच वर्गाला घालता येतील का, हे पाहा. आमच्या वस्तीत ज्या मुली पदवीधर झाल्या, त्यांतल्या बहुतेक अशाच घोळक्याने गेल्या व घोळक्याने परतल्या.

आणि पासाविषयी एक माहिती. ती पुष्कळांना नसते, हे मी दरवर्षी जूनमध्ये अनुभवतो. घर ते कॉलेज या प्रवासाचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत व मुलांना बारावीपर्यंत मोफत आहे. त्यानंतर मुलांना तो निम्म्या दरात मिळतो. त्यासाठी कॉलेजच्या ऑफिसातून सवलतीचा फॉर्म शिक्क्यासह घ्यावा लागतो, आणि त्यावर घराजवळच्या स्टेशनाचे नाव बरोबर लिहिले आहे ना, हे खिडकीशी जाण्यापूर्वी पाहून घ्यावे.