फ्रेचे बंड नेमके कोणाचे होते?

१९०२ साली उत्तर थायलंडमधील फ्रे शहरात जो उठाव झाला, त्याला तिथल्या सरकारी इतिहासात ‘न्गियाव बंड’ म्हणतात. न्गियाव हा शान लोकांसाठी वापरला जाणारा हिणकस शब्द. म्हणजे नाव ठेवतानाच निकाल लागला: बाहेरून आलेल्या परक्यांनी केलेली लुटालूट. पण मूठभर परके लोक एका तटबंदीच्या शहरातले पोलीस ठाणे, तारघर, खजिना आणि तुरुंग एवढ्या सहजी ताब्यात घेतात, तेव्हा शहरातली रयत काय करत होती, हा प्रश्न विचारायला नको का?

फ्रे बँकॉकपासून साधारण साडेपाचशे किलोमीटर उत्तरेला, योम नदीच्या काठी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. शहराचा जुना तट शंखाच्या आकाराचा. पिंग, वांग, योम आणि नान या चार नद्यांच्या पाण्यातूनच खाली चाओ फ्राया नदी होते. त्यामुळे या डोंगरातला साग नदीत सोडला की तो आपोआप दक्षिणेकडे वाहत जातो. फ्रेचे वैभव आणि फ्रेचे दुर्दैव, दोन्ही या एका गोष्टीत आहेत.

‘मुआंग’ म्हणजे स्वतःचा अधिपती असलेला मुलूख. फ्रेचा ‘चाओ’ बँकॉकच्या राजाला खंडणी पाठवी. जंगल, जमीन आणि माणसांचे श्रम मात्र त्याचे. म्हणून त्याचे गोडवे गायचे कारण नाही. शेवटचा अधिपती पिरिया थेप्पावोंग याने १८९२ मध्ये बांधलेला वाडा आज संग्रहालय आहे. त्याच्या तळघरात अंधाऱ्या कोठड्या आहेत. शिक्षा झालेल्या गुलामांना तिथे कोंडत, असे सांगतात. शहराजवळच्या टेकडीवर चो हेचा प्रसिद्ध स्तूप आहे. अधिपती बौद्ध, बँकॉकचा राजाही बौद्ध. रयतेची वेठ त्यामुळे चुकली नाही.

१८९२ मध्ये राजा चुलालोंगकोर्नने गृहखाते दामरोंग राजपुत्राकडे दिले. त्याने मुलूख एकामागून एक मोडून त्यांचे विभाग, प्रांत, तालुके केले. विभागाला मोन्थोन, तालुक्याला आम्फो, त्याखाली ताम्बोन आणि गाव. १८९६ मध्ये वनखाते निघाले आणि सागाचा परवाना देण्याचा अधिकार चाओच्या हातून गेला. वेठ रद्द झाली, हे खरे. पण तिच्या जागी माणशी वर्षाला चार बाट रोख कर आला. ज्याच्याकडे श्रमाशिवाय काही नव्हते, त्याने रोकड आणायची कोठून? सुधारणा म्हणतात ती ही.

आता साग कोण तोडत होते ते पाहू. आपल्या मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. याच कंपनीच्या सागाच्या भांडणाचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या थिबॉ राजाचे राज्य गिळले. तीच कंपनी फ्रेच्या जंगलातही होती. ओंडके ओढायला हत्ती, आणि राबायला खमू व शान मजूर. शान लोक कागदोपत्री ब्रिटिश प्रजा. त्यांना राहण्याची कागदपत्रे देताना सयामी अधिकारी अडवणूक करत. जमीन घेऊ देत नसत, घर बांधू देत नसत.

२५ जुलै १९०२ रोजी शान बंडखोर शहरात शिरले. त्यांनी सांगितले की आमचे वैर सयामी अधिकाऱ्यांशी आहे, इथल्या लोकांशी नाही. आयुक्त फ्राया चैयाबूनसह वीसहून अधिक अधिकारी मारले गेले. त्यात निरपराध किती होते हे विसरू नये. पण शहरवासीय अधिकाऱ्यांना वाचवायला धावले नाहीत, हेही विसरू नये. सुरासाकमोन्त्रीचे सैन्य आले, बंड मोडले. चाओ लुआंग प्राबांगला पळाला, तिथेच वारला. त्याचे पद रद्द झाले. बँकॉकला हवे होते तेच झाले. आणि शान मजुराच्या तक्रारीचे काय झाले, हे कोणी लिहून ठेवले नाही.

अधिपती गेल्यावर त्याचा वाडा प्रांताच्या राज्यपालाचे निवासस्थान झाला. १९३३ मध्ये मोन्थोन मोडले. १९३८ मध्ये प्रांतांच्या मुख्य तालुक्यांच्या नावामागे ‘मुआंग’ लागले: आम्फो मुआंग फ्रे. मुलूख गेला, शब्द तेवढा तालुक्याच्या पाटीवर उरला. गावचा फूयाईबान लोक निवडतात, नगरपालिकाही निवडतात. पण तालुक्याचा नाय आम्फो आणि प्रांताचा राज्यपाल आजही गृहखातेच नेमते. राज्यपाल मतदानाने निवडण्याचा हक्क एकट्या बँकॉकला; उरलेल्या ७६ प्रांतांना तो नाही. ज्या रचनेची पायाभरणी दामरोंगने केली, तिला राजेशाहीची निरंकुश सत्ता १९३२ मध्ये गेल्यावरही कोणी हात लावला नाही.

जून २०२० मध्ये योमकाठच्या चेतवन उद्यानातली बॉम्बे बर्माची शंभर वर्षांहून जुनी सागवानी इमारत पाडली गेली. उद्यान राष्ट्रीय उद्याने खात्याच्या ताब्यात, आणि काम मंजूर झाले होते ते दुरुस्तीचे. लोक चिडले, जाब विचारायला जमले, तेव्हा जुनेच लाकूड वापरून ती पुन्हा उभारू असे आश्वासन मिळाले. पाडण्याआधी फ्रेच्या लोकांना कोणी विचारले नव्हते.